हरायला उभी राहिलेली प्रिस्का

भुईगावात फर्डिनंड सरांशी वाद घालून जिंकलेला माणूस शोधायचा झाला तर चर्चमागच्या दफनभूमीपर्यंत जावं लागलं असतं, आणि तिथेही कोणी सापडलं असतं याची खात्री नव्हती. सरांनी छत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. भूमितीच्या प्रमेयाला जसा आधी पक्ष, मग साध्य आणि शेवटी सिद्धता, तसंच त्यांचं घरातलं बोलणं. "पक्ष: सकाळी मी दोनच पाव खाल्ले. साध्य: आता जेवायला वाढायला हवं. सिद्धता देऊ की ताट आणतेस?" असं ते विचारत, आणि त्यांची बायको प्रिस्का ताट आणत असे. सिद्धता ऐकण्यापेक्षा भात वाढणं लवकर आटपायचं.

प्रिस्का मनातल्या मनात हिशेब ठेवणारी बाई. अडतीस वर्षांच्या संसारात आपण किती वाद हरलो हे मोजणं तिने केव्हाच सोडून दिलं होतं. जिंकलेले मात्र तिला तोंडपाठ होते, कारण ते दोनच होते. एकदा ती म्हणाली होती की माड पाण्याच्या टाकीवर झुकलाय, नारळ पडून झाकण फुटेल. ते फुटलं. सरांच्या मते तो वाद नारळाने जिंकला. दुसरा कोणता ते ती कोणाला सांगत नसे. सरांना आठवला तर तोही काढून घेतील अशी तिला भीती होती.

सरांच्या लेखी जगात माणसांच्या दोनच जाती. एक बुद्धीने चालणारी, दुसरी भावनेत वाहून जाणारी. पहिलीत ते स्वतः आणि परगावचे काही लोक. दुसरीत उरलेलं भुईगाव, प्रिस्कासकट.

आता अशा माणसाने गाऊ नये असं काही नाही. सर एक्केचाळीस वर्षं चर्चच्या माडीवर गायनवृंदात गात होते, आणि त्यातली एकोणचाळीस वर्षं छान गायले. दोन वर्षांपूर्वी आवाजाला काहीतरी झालं. आवाज गेला असता तर बरं झालं असतं. तो गेला नाही. नुसता पट्टी सोडून बाजूला जाऊन उभा राहिला. चौदा जणांत तेरा जण एका सुरात आणि सर बहुमताला न जुमानता आपल्या. कीबोर्ड वाजवणाऱ्या मेलरॉयने सरांना झाकायला कीबोर्डचा आवाज वाढवला. कीबोर्ड फार मोठा झालाय असं सरांना वाटलं, म्हणून त्यांनी आपला वाढवला.

प्रिस्का खाली बाकावर बसून दर रविवारी हे ऐकत होती. सुरुवातीला मागच्या बाकावर नुसते खाकरण्याचे आवाज येत. मग रुमाल तोंडावर जाऊ लागले. नोव्हेंबरात एका रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, सुटल्यावर क्रुसाजवळ दोन टोणगे सरांची नक्कल करताना तिने डोळ्यांनी पाहिले, आणि भोवतालची माणसं पोट धरून हसत होती. त्या दिवशी तिने घरी येऊन भाजीत दोनदा मीठ घातलं. सर कुठल्या वादात हरले असते तर तिला चाललं असतं; मेणबत्ती लावली असती तिने. पण सरांना लोक हसावेत हे तिला चालणार नव्हतं. आणि जानेवारीत गावचा सण. बिशप येणार, मिस्सा फोनवरून दुबईपासून कॅनडापर्यंत दिसणार. आज क्रुसाजवळ हसतायत, तेव्हा पाच देशांत हसतील.

गायनवृंदाची प्रमुख एलिना. सत्तावीस वर्षांची, अंधेरीच्या ऑफिसात चाळीस माणसांवर हुकूम चालवणारी. पण सरांसमोर उभी राहिली की आठवीतली व्हायची. एका शनिवारी ती मागच्या दाराने आली.

"आंटी, तुम्हीच सांगा ना सरांना."

"मी सांगितलं तर सिद्धता मागतील."

"मग फादरना सांगायला लावू?"

"फादर त्यांचेच विद्यार्थी. त्यांच्यासमोर अजून सतराचा पाढा अडतो त्यांचा."

"मग करायचं काय? सणाच्या काळजीने मला झोप लागत नाहीये, आंटी. मेलरॉय म्हणतो कीबोर्डऐवजी ढोल आणतो."

प्रिस्का केळीचे कापे तळत होती. झारा कढईत तसाच ठेवून तिने थोडा विचार केला. "त्यांना जगात एकाच माणसाचं पटतं," ती म्हणाली. "मग त्यालाच सांगू दे."

बेत असा. डिसेंबरात चर्चच्या हॉलमध्ये कुटुंब दिन असतो. त्यात यंदा वादविवाद ठेवायचा: बुद्धी श्रेष्ठ की भावना? नुसतं हवेत नको, म्हणून गावातला खराखुरा प्रश्न घ्यायचा. माडीवर एक जुनी पायपेटी होती, पायाने भाता मारून वाजवायची. निम्म्या पट्ट्या मुक्या, उरलेल्या रडक्या. ती ठेवावी की काढावी? सर बुद्धीच्या बाजूने उभे राहणार, हे सांगायला नको. जे सुरात बोलत नाही ते मानाने खाली उतरलं पाहिजे, असं ते शंभर माणसांसमोर स्वतःच्या तोंडाने सिद्ध करणार. दुसऱ्या दिवशी एलिनाने शाल आणि फुलं घेऊन घरी यायचं आणि म्हणायचं, 'सर, तुमच्याच न्यायाने...' पुढचं सरांना कळेल. स्वतःची सिद्धता ते खोडणार नाहीत. मेले तरी नाहीत.

एलिना बघतच राहिली. "आंटी, तुम्ही डेंजर आहात."

"अडतीस वर्षं क्लासला बसलेय, बाय," प्रिस्का म्हणाली आणि कापे उलटले.

विषयाचा कागद चर्चच्या फळ्यावर लागला आणि गावाला जणू ताप चढला. आजवर गावकरी भांडत होते, पण आपण बुद्धीने भांडतो की भावनेने याचा कोणी विचार केला नव्हता. आता शेजारच्या वटारच्या वाड्यांत केळीचे घड उतरवतानासुद्धा हाच वाद. एका सुनेने सासूला 'तुम्ही भावनिक होताय' असं म्हटल्यामुळे त्या घरात तीन दिवस चूल भावनेवरच चालली. लांब पाचूबंदरहून मासळीची टोपली घेऊन येणारी लुसी कोळीणसुद्धा दारात बसल्या बसल्या म्हणाली, "बाय, बुद्धी म्हनते मांदेली घे. मन म्हनतं पापलेट घे. कोनाचं ऐकशील?"

"बुद्धीचं."

"मग मांदेली घे. पन साफ करताना मला शिव्या द्यायच्या नाय. त्या बुद्धीला द्यायच्या."

पंच म्हणून दिनानाथ परुळेकरांना बोलावलं. हे मूळचे कुडाळचे, सरकारी नोकरीतून निवृत्त, राहायला वसई रोडला फ्लॅटमध्ये. दर शनिवारी भुईगावात ताजी भाजी घ्यायला येत आणि सरांशी वाद हरून भाजीसह परत जात. बाहेरचा माणूस, म्हणून निःपक्षपाती. त्यांना बेतातलं काही सांगितलं नव्हतं. कटात माणसं जेवढी कमी तेवढं बरं, असा प्रिस्काचा हिशेब. तो चुकला, पण ते नंतर.

भावनेच्या बाजूने शेल्डन बोलणार होता. वकील माणूस, वसई कोर्टात आवाज घुमतो त्याचा. कार्यक्रमाला अर्धा तास उरला आणि त्याचा एलिनाला मेसेज आला: घसा बसला. शेल्डनला सरांनी सातवीत बाकावर उभं केलं होतं. घसा तेव्हापासूनच बसलेला असणार. हॉल भरला होता. पहिल्या रांगेत सर, पांढरा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं, मांडीवर मुद्द्यांचा कागद.

एलिना स्वयंपाकघरात धावली. प्रिस्का तिथे बायकांबरोबर सँडविच लावत होती.

"आंटी, तुम्ही उभ्या राहा."

"वेड लागलंय तुला?"

"पाच मिनिटं. काहीही बोला. जिंकायचं नाहीये, फक्त हरायचंय. आणि सरांसमोर हरायचा तुमच्याइतका अनुभव गावात कोणाला आहे?"

हे प्रिस्काला पटलं. अनुभवाचंच काम होतं. तिने हात पुसले, पदर नीट केला आणि हरायला निघाली.

दिनानाथांनी नावं पुकारली तेव्हा हॉलमध्ये खसखस पिकली. सरांनी मागे वळून बायकोकडे असं पाहिलं, जसं गणिताच्या पेपरात चित्रकलेचा प्रश्न आला असावा.

सर पहिले बोलले. आणि काय बोलले! "मित्रहो, मी काल माडीवर जाऊन ती पायपेटी तपासली. एकूण पट्ट्या एकसष्ट. मुक्या सव्वीस. बेसूर तेवीस. बऱ्या बारा, त्यातल्या चार दाबल्या की वर येत नाहीत. आता पक्ष असा: वस्तू तिच्या कामावरून ओळखली जाते. पायपेटीचं काम सूर देणं. जिच्याकडून सूर येत नाही ती पायपेटी नव्हे, ते लाकूड. लाकडाला आपण माडीवर चढवून हार घालतो का? कोणी म्हणेल, तिने इतकी वर्षं सेवा केली. केली ना! म्हणूनच तिला मानाने उतरवा. बेसूर झाल्यावरही जागा अडवून बसणं ही सेवा नव्हे, हा हट्ट."

टाळ्या कडाडल्या. एलिनाने मेलरॉयचा दंड इतका घट्ट धरला की तो 'आई गं' म्हणाला. सगळं ठरल्याप्रमाणे. सरांनी स्वतःचा राजीनामा लिहून दिला होता; फक्त खाली सही राहिली होती.

इथेच ते बसले असते तर ही गोष्टही इथेच बसली असती. पण जिंकणाऱ्या माणसाला एक उदाहरण जास्त द्यायची खोड असते.

"भावना म्हणजे काय ते माझ्या घरी येऊन पाहा," सर म्हणाले. "माझ्या प्रतिपक्षाने तिच्या वडिलांची छत्री ठेवलीये. आठ काड्यांपैकी पाच मोडलेल्या. पावसात नेली तर बाहेरच्यापेक्षा आत जास्त पाऊस पडतो. बावीस वर्षं दाराआड! का? भावना!"

हॉल हसला. नुसता हसला नाही, उसळला. दिनानाथ हसले, फादर हसले, एलिनासुद्धा हसली. आणि सर आपल्या जागेवर जाऊन बसताना स्वतःही हसले.

प्रिस्का उठली. तिने तीन वाक्यं ठरवली होती: नमस्कार, सर म्हणाले ते खरंच आहे, आता सँडविच खा. पहिलं वाक्य बरोबर म्हटलं.

"नमस्कार," ती म्हणाली. मग थांबली. मग म्हणाली, "छत्री गळते, हे खरं आहे."

पुन्हा हशा.

"सर मोजतात, म्हणून मीही मोजून आणलंय. आमच्या अंगणात एक स्कूटर आहे. चौऱ्याण्णव सालची. स्कूटरचं काम धावणं. ती नऊ वर्षांत एकदाही सुरू झालेली नाही. म्हणजे सरांच्या न्यायाने ती स्कूटर नव्हे, ते लोखंड. पण दर रविवारी मिस्सा झाली की सर त्या लोखंडाला आंघोळ घालतात. साबण लावून. नऊ वर्षांचे रविवार किती, ते सरांनी सांगावं."

"चारशे अडुसष्ट," सर सवयीने बोलून गेले, आणि सगळ्या हॉलने बाकं बडवली.

"चारशे अडुसष्ट आंघोळी," प्रिस्का म्हणाली. "आरसा पुसताना तिच्याशी बोलतातसुद्धा. मी खिडकीतून ऐकलंय. मी कधी काही म्हटलं नाही. एकदाही सिद्धता मागितली नाही."

आता तिला थांबायला हवं होतं. तिलाही ते कळत होतं; समोर एलिना मानेने नाही-नाही करत होती. पण अडतीस वर्षं ज्याच्या पानात कोणी काही वाढलं नाही, त्याच्यापुढे एकदम पंगत मांडावी तसं तिचं झालं होतं. शब्द आपणहून येत होते, आणि तिच्या ध्यानात आलं की ते पक्ष, साध्य, सिद्धता या क्रमानेच येतायत.

"सर म्हणतात, वस्तू कामावरून ओळखायची. बरं. माझ्या सासूबाई शेवटची तीन वर्षं खाटेवर होत्या. काम शून्य. तेव्हा सर रोज सकाळी शाळेत जायच्या आधी त्यांचे केस विंचरायचे. हे मी गावाला आज सांगतेय. कोणाला माहीत नाही, कारण ते दार लावून करायचे. त्या खाटेवर तेव्हा काय होतं, सर? लाकूड होतं का?"

दुसऱ्या रांगेतल्या एका म्हातारीने चष्मा काढला.

"जिचं काम संपलं, तिच्यासाठी करायचं आपलं काम तिथून सुरू होतं. त्या पायपेटीवर माझं लग्न लागलं. तुमच्यातल्या निम्म्यांची लागली. तिच्याच सुरावर आपण आपली माणसं पोचवून आलो. आज तिचा सूर जरा इकडेतिकडे जातो, तर आपण पट्ट्या मोजायला लागलो? असू दे की एक बेसूर! बाकी सगळे सुरात आहोत ना आपण?"

ती बसली. आणि जो गलका झाला तो थेट समुद्रापर्यंत गेला असेल. बायका डोळे पुसत होत्या. फादर डोळे पुसत होते. एलिना तर हुंदके देऊन रडत होती, आणि रडता रडता तिच्या लक्षात आलं की आपण कशासाठी टाळ्या वाजवतोय.

दिनानाथांनी हात वर करायला सांगितले. बुद्धीला एकोणीस. भावनेला एकशे बारा. दिनानाथ रुमाल खिशात कोंबत माईकजवळ आले.

"पायपेटी राहणार," ते म्हणाले. "आणि मी बाहेरचा माणूस, पण लहान तोंडी मोठा घास घेतो. जुन्याचा मान राखायचा, असं गावाने आज ठरवलं. मग एक्केचाळीस वर्षं जो आवाज या गावाने ऐकला, त्या फर्डिनंड सरांनीच यंदा सणाच्या मिस्सेला एकट्याने गीत म्हणावं. एकट्याने! काय म्हणता?"

गाव भावनेत होतं. गाव हो म्हणालं.

बाहेर अंगणात एलिनाने प्रिस्काला गाठलं. "आंटी, काय केलंत हे!"

"मला काय माहीत, बाय. तोंड उघडलं आणि जिंकले."

"हरायचं ठरलं होतं आपलं!"

"अगं, सवय नाही ना. थांबायचं कुठे ते कळलंच नाही."

दुसऱ्या दिवशी पहाटे सर उठले, समुद्राकडे तोंड करून अंगणात उभे राहिले आणि एकट्याने म्हणायच्या गीताचा सराव सुरू केला. माडावरचे कावळे वटारच्या दिशेने गेले. वादात हरल्याचं दुःख त्यांना होतं, नाही असं नाही. जेवताना ते मध्येच 'एकशे बारा' असं पुटपुटत. पण गावाने एकट्याने गायला सांगितलं, या आनंदाने त्यावर मात केली होती. त्यांनी बिशपसमोर घालायला कोट बाहेर काढला. दुबईतल्या पुतण्याला फोन करून मिस्सेची वेळ सांगितली.

प्रिस्काने तेरा दिवस ऐकलं. भाजीत पुन्हा दोनदा मीठ पडू लागलं. हसायला आता दोन टोणगे नव्हते, सगळा परिसर होता. आणि सरांना त्या पायरीवर नेऊन उभं कोणी केलं होतं? तिनेच. एकदा, फक्त एकदा जिंकायच्या हौसेपायी. डावपेच सगळे संपले होते. राहता राहिलं ते साधं काम, जे दोन वर्षांपूर्वीच करायला हवं होतं.

रविवारी मिस्सा झाल्यावर सर स्कूटरला साबण लावत होते. प्रिस्का बाहेर येऊन पायरीवर बसली.

"अहो, मला काही सांगायचंय. वाद नाही. नुसतं सांगायचंय."

"मांड."

"तुमचा सूर लागत नाही. दोन वर्षं झाली."

सरांचा हात हँडलवर थांबला. "सिद्धता?"

तिने ती आणली होती. गेल्या महिन्याच्या मिस्सेचं रेकॉर्डिंग एलिनाने फोनवर पाठवलं होतं. सरांनी हात पुसले, फोन कानाला लावला, डोळे मिटले. एकदा ऐकलं. दुसऱ्यांदा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकताना त्यांचं दुसऱ्या हाताचं बोट ताल धरून होतं, आणि एका जागी ते बोट तसंच हवेत राहिलं.

"फोनचा दोष असेल," असं ते म्हणतील अशी तिची अटकळ होती. ते म्हणाले नाहीत.

"कोणाकोणाला माहीत आहे?" त्यांनी विचारलं.

"सगळ्यांना."

"सगळ्यांना म्हणजे?"

"लुसीलासुद्धा."

"ती पाचूबंदरला राहते!"

"आपल्या दारात येते ना सकाळी. म्हणते, सर गायला लागले की मांजरं टोपलीजवळ येत नाहीत, बरं पडतं."

सर बादलीवर पालथी पाटी ठेवून तिच्यावर बसले. म्हणाले, "मग मला कोणी सांगितलं का नाही?"

"वाईट वाटेल म्हणून."

"बघ!" सर ताडकन उठले. "बघ, भावना काय करते! दोन वर्षं एक चूक फळ्यावर तशीच, आणि सगळा वर्ग गप्प! एक, या गावात एक जरी बुद्धीने चालणारं माणूस असतं..."

"होतं ना," प्रिस्का म्हणाली. "ती वादाची स्पर्धा मीच काढली होती. तुम्ही जिंकणार, पायपेटी उतरवा म्हणणार, आणि दुसऱ्या दिवशी तुमच्याच न्यायाने तुम्हाला शाल द्यायची. तुमचं तुम्हीच ठरवलंत असं झालं असतं. कोणी हसलं नसतं."

सर तिच्याकडे पाहत राहिले. साबणाचं पाणी स्कूटरवरून ओघळत होतं. त्यांनी तो बेत मनात एकदा तपासला, पायरी पायरीने, आणि कुठे चूक सापडेना तसतसे त्यांचे डोळे मोठे होत गेले.

"निर्दोष रचना आहे," ते म्हणाले. "मग बिघडलं कुठे? तू हरायचं होतंस."

"हो."

"मग का जिंकलीस?"

प्रिस्काने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "छत्रीवरून हसलात म्हणून. सगळे हसले त्याचं काही नाही. तुम्ही हसलात."

यावर सरांकडे उत्तर नव्हतं. अडतीस वर्षांत पहिल्यांदाच नव्हतं. प्रिस्काने वाट पाहिली. त्यांनी नळ उघडला, स्कूटर धुतली, फडक्याने कोरडी केली, आणि आत गेले. तिला वाटलं होतं असा क्षण आला तर मोठा आनंद होईल. प्रत्यक्षात तिला त्यांच्या मागोमाग जाऊन 'अहो, काहीतरी बोला, माझं चुकलं असेल' असं म्हणावंसं वाटलं.

जेवायच्या वेळी सर बाहेर आले. कोट पुन्हा कपाटात गेला होता.

"मी एलिनाला फोन केला," ते म्हणाले. "सणाला ती गाईल. मी गायनवृंद सोडतोय. हे बुद्धीने ठरवलंय, नोंद घे. भावनेला विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती."

"घेतली नोंद."

"आणखी एक. मी तुझं भाषण पुन्हा आठवून पाहिलं. आधी स्कूटर, मग आईचं, मग निष्कर्ष. पक्ष, साध्य, सिद्धता. एकही पायरी गाळलेली नाही. म्हणजे भावनेच्या बाजूने तू जिंकलीस ती बुद्धीने. म्हणजे विजय माझ्या बाजूचा. एकशे बाराही माझेच."

"अहो!"

"खोडून दाखव."

प्रिस्काने ताट वाढलं.

सणाच्या दिवशी एलिना सुरेख गायली. बिशपांनी मान डोलावली, दुबईपासून कॅनडापर्यंत कोणी हसलं असल्यास ते दुसऱ्या कशाला तरी हसलं असेल. आणि प्रिस्काच्या शेजारी, अडतीस वर्षांत पहिल्यांदा, तिचा नवरा बसला होता. लग्नापासून प्रत्येक मिस्सेला तो माडीवर आणि ती खाली. आज बाकावर आपल्या डावीकडे कोणीतरी आहे याने तिला नव्या नवरीसारखं अवघडल्यासारखं झालं होतं. तिने दोनदा पदर सारखा केला. सगळं कसं निभावलं, असं ती मनात म्हणतेय तोच फादर म्हणाले, "आता सर्व भाविकांनी मिळून गीत गावं."

सर्व भाविक उभे राहिले. सरही उभे राहिले. भाविकांना गायची बंदी नव्हती. ती फक्त माडीवर होती. सरांनी छाती भरून घेतली आणि गायला लागले. माडीवर हा आवाज चौदातला एक होता आणि मध्ये पंचवीस फूट हवा होती. आता तो प्रिस्काच्या डाव्या कानापासून वीतभर होता. पुढच्या बाकावरचा शेल्डन, घसा बरा झालेला, दचकून मागे वळला. प्रिस्काने त्याच्याकडे असं पाहिलं की तो घाईघाईने वेदीकडे वळला आणि शेवटपर्यंत मान हलवली नाही.

पहिलं कडवं संपलं. सर तिच्याकडे किंचित झुकले.

"पट्टी बरोबर आहे ना माझी?"

"वाद घालताय की विचारताय?" ती कुजबुजली.

"विचारतोय."

त्यांनी चष्मा आणला नव्हता. तिने गीतांचं पुस्तक त्यांच्यापुढे धरलं आणि दुसऱ्या कडव्यावर बोट ठेवलं.

"अगदी बरोबर आहे. गा तुम्ही," प्रिस्का म्हणाली, आणि डाव्या कानावरून पदर ओढून घेतला.